चपटी सर्पिल कॉइल गुंडाळण्यापूर्वी

एका कॉइलकडून दुसरीकडे तारेविना वीज पोहोचवून दिवा पेटवायचा असेल, तर वेढे मोजण्याआधी अनुनाद (कॉइल आणि कपॅसिटरची जोडी एका ठराविक वारंवारतेला सर्वाधिक जोमाने आंदोलते ती स्थिती) समजून घ्या, कारण दोन्ही कॉइल एकाच वारंवारतेला जुळल्या नसतील, तर कितीही सुबक गुंडाळणी केली तरी दिवा मंदच राहतो. आतली त्रिज्या 2 सेंमी, बाहेरची 6 सेंमी आणि वेढे 20 असलेल्या चपट्या कॉइलचे प्रेरकत्व (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) साधारण 33 मायक्रोहेन्री येते. तिला 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास अनुनाद 88 किलोहर्ट्झच्या आसपास मिळतो. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचाच घ्या. माझा पहिला कपॅसिटर, स्वस्त सिरॅमिकचा, काही मिनिटांत हाताला चटका बसेल इतका तापला होता.

या वारंवारतेला विद्युतप्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या सुमारे 0.2 मिमी थरातून वाहतो, म्हणून एका जाड तारेपेक्षा इनॅमलचा लेप असलेल्या अनेक बारीक तारांचा पीळ अधिक उपयोगी ठरतो, आणि माझ्या मते नवख्याने खर्च करावा तो इथेच.

कॉइल फार जवळ आणल्यास अनुनादाचे शिखर दुभंगते, म्हणजे एकाऐवजी दोन वारंवारतांना सर्वाधिक शक्ती मिळते, व मूळ वारंवारतेवरील शक्ती उलट कमी होते, तेव्हा अंतर हळूहळू बदलून प्रत्येक वेळी नोंद ठेवा. सन 2007 मध्ये एमआयटीतील संशोधकांनी 2 मीटरवरचा 60 वॅटचा दिवा पेटवला, पण त्यांच्या कॉइलचा व्यास सुमारे 60 सेंमी होता. तळहाताएवढ्या कॉइलकडून काही सेंटिमीटरचीच अपेक्षा ठेवा.

सुरुवात 12 व्होल्ट आणि प्रवाहमर्यादा असलेल्या पुरवठ्यावर करा. तरीही अनुनादात कपॅसिटरवर याच्या कित्येक पट विद्युतदाब साचतो, म्हणून चालू मंडलाला हात लावू नका आणि पेसमेकर असलेल्या व्यक्तीला त्या खोलीत येऊ देऊ नका.