बीटी कपाशीत, म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीत, अळी मारणारं विष असतानाही गुलाबी बोंडअळी का मरत नाही?

बियाणं बोगस आहे म्हणून, असं सरसकट म्हणणं चुकीचं. अळीच बदलली आहे. बीटीचं प्रथिन, म्हणजे तेच विष, अळीच्या आतड्यातल्या ठरावीक जागी चिकटलं तरच आतडं फुटतं. लाखो अळ्यांत एखादीच्या जनुकात ती जागा मुळातच बिघडलेली असते. बाकीच्या मरतात, ती जगते आणि तिचीच पिल्लावळ वाढते. भारतात २००२ मध्ये विष बनवणाऱ्या एका जनुकाचं बीटी आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं. तरी २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडं किडलीच.

गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही पोसते, म्हणून तिच्यात हा बदल मंद आहे. त्यात आपल्याकडे संकरित वाण. त्यांच्या बोंडातल्या काही सरक्यांत (बियांत) विष नसतंच, त्यामुळे अर्धवट प्रतिकारक्षम अळीही तरते. बिगर-बीटीच्या आश्रय ओळी फार थोड्यांनी लावल्या. खरं तर तिथल्या साध्या, विषाने मरणाऱ्या अळ्यांपासून झालेल्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर होऊनच प्रतिकार पातळ होतो. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून घेतलेला कापूस, तर कृपया घेऊच नका, अळीला तेवढ्या पिढ्या जास्त मिळतात. अमेरिकेत आश्रय क्षेत्र पाळलं, नंतर वांझ पतंग सोडले, तिथून ती हद्दपार झाली.