पूर्णवेळ तबलावादनावर घर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की वय २६, तबला विशारद पूर्ण, पुण्यात आयटीत नोकरी. ती सोडून पूर्णवेळ तबला वाजवला तर घर चालेल का? मी गेली एकोणीस वर्षं पुण्यात साथ करतो, दुसरी नोकरी कधी केली नाही. घर चालतं. पण ते मैफलींवर नाही, शिकवण्यावर चालतं. हे मला कुणी आधी नीट सांगितलं असतं तर माझी पहिली पाच-सहा वर्षं वेगळी गेली असती.

मैफलींचा हंगाम दिवाळी पहाटेला सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर ओसरतो. डिसेंबरात एकाच संध्याकाळची तीन बोलावणी येतात, दोन सोडावी लागतात. मे महिन्यात फोन वाजत नाही. मग आषाढीच्या अभंगवाणीचे चार-पाच कार्यक्रम, गुरुपौर्णिमा, गणपती. साथीदाराचं मानधन बहुतेक वेळा मुख्य कलाकार आणि आयोजक यांच्या बोलण्यातच ठरतं; आकडा आपल्या कानावर येतो तोवर आपण तारीख देऊन बसलेले असतो. त्यातून बऱ्याचदा १० टक्के कर कापून पैसे जमा होतात, म्हणून उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र दरवर्षी भरा, कापलेला कर परत मिळू शकतो. जीएसटीची धास्ती घेऊ नका. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर तो लागत नाही.

एकदा बाहेरगावच्या एका आयोजकांनी ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ म्हटलेलं मानधन पाच महिन्यांनी आलं. त्याहून जास्त लागलं ते पत्रिकेवरचं: गायिकेचा मोठा फोटो आणि खाली ‘तबला व संवादिनीच्या साथीसह’. आम्हा दोघांची नावंच नाहीत. तेव्हापासून तारीख देताना मी दोनच गोष्टी विचारतो, पैसे कधी मिळतील आणि पत्रिकेवर नाव असेल का. त्यामुळे कुणी नाराज झाल्याचं मला आठवत नाही.

उरलेलं वर्ष क्लासवर निघतं. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात आणि शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात हे त्यांच्या पालकांना पाठ असतं. दहावी झाली की निम्मी मुलं थांबतात. मला त्याचं दरवर्षी वाईट वाटतं, कारण हात तेव्हाच कुठे वळायला लागलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीत सगळे कार्यक्रम रद्द झाले, सवाई गंधर्व महोत्सवही झाला नाही, आणि तेव्हा न्यू जर्सीतल्या दोन मराठी घरांतली मुलं ऑनलाइन शिकायला लागली. ती अजून आहेत. माझी सकाळची साडेसहा म्हणजे त्यांची उन्हाळ्यातली रात्रीची नऊ. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवता येत नाही. मी वाजवायचं, मुलाने ऐकायचं. मग त्याने वाजवायचं, मी ऐकायचं. लयीत हाताला हात लावून नेणं तिथे होत नाही.

पुण्यात आणखी एक आधार आहे, कथकचा. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली, त्यामुळे या शहरात कथक मुरलेलं आहे. क्लासला तबलजी लागतो, आठवड्याचे दिवस ठरलेले असतात, पैसे महिन्याला येतात. ते काम कमी दर्जाचं समजू नका. पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले बोल, ऐकून लगेच हातातून काढायची सवय मला तिथेच लागली.

आता खरी अडचण. सकाळी ऑनलाइन, दुपारी कथक, संध्याकाळी क्लास. पैसे देणारं प्रत्येक काम रियाजाच्या वेळेतून जातं. काम वाढलं तेव्हा माझा रियाज चार तासांवरून पाऊण तासावर आला होता, आणि ते सगळ्यात आधी विलंबितात, म्हणजे संथ लयीत, कळलं. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटाच्या जवळ जातं. दोन मात्रांमधली ती जागा न डगमगता, न भरता धरून ठेवायची, कारण गायक तिच्यावर उभा असतो. रेला, म्हणजे बोलांची वेगवान लड, तुम्ही मोबाइलवर टाकाल, लोक वाहवा करतील, चार विद्यार्थीही येतील. गायक मात्र ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल, ऐकून बोलावतो. भीमसेन जोशींना तबलावादक नाना मुळ्यांनी वर्षानुवर्षं दिलेला ठेका ऐका, मला काय म्हणायचंय ते कळेल.

हे शिकायला पूर्वी रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली होत्या. १९५३ पासूनचा सवाईसुद्धा पहाटेपर्यंत चालायचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावर रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद, वर्षातले मोजके दिवस परवानगी घेऊन बारापर्यंत. रहिवाशांची झोप मला मान्य आहे, पण दरबारीसारखा रात्रीचा राग उघड्या मंडपात मध्यरात्री ऐकायची सोय गेली आणि प्रत्येक कलाकाराच्या वाट्याचा वेळ आखडला. म्हणून विलंबित आता स्टेजवर शिकायला मिळत नाही. गुरूंच्या घरी, गायकांच्या तालमीतच बसावं लागतं.

खर्चाचंही धरा. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर मोठ्या तोंडाचा ढाला, म्हणजे खालच्या सुराचा तबला लागतो, गायकाची काळी एक असेल तर लहान तोंडाचा चढा. म्हणजे एका तबल्यावर भागत नाही. पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सुरात उतरते, एसी हॉलमध्ये चढते. मध्यंतर होईस्तोवर दोनदा तरी हातोडी हातात घ्यावी लागते. (विमानात ती हातोडी जवळच्या बॅगेत चालत नाही, सामानात टाका. एकदा माझी सुरक्षा तपासणीत राहिली आणि मी हैदराबादेत परक्याच्या हातोडीने तबला लावला.)

नोकरी लगेच सोडू नका. ऑफिसच्या आधीचा एक तास काढा आणि तुमच्या ओळखीत ख्याल शिकणारा एखादा गायक असेल तर त्याच्या रियाजाला रोज जाऊन बसा. कायदे, रेले असल्या बोलरचना नाहीत, नुसता विलंबित एकताल आणि तिलवाडा ताल धरायचा, तोही पैसे न घेता. सहा महिने झाले की एक आठवडा सांगून सुट्टी घ्या. त्या आठवड्यात तुम्ही कधी परत येताय हे विचारायला त्याचा फोन आला, तर मला इथेच लिहा; पुढचं आपण सविस्तर बोलू.