कॉन्व्हेंटमध्ये घालायचं की नाही?

प्रश्न : ताई, लेकीला यंदा पहिलीला घालायचंय. इथली सिस्टर लोकांची एक कॅथलिक शाळा मला आवडलीय, पण सासूबाई म्हणतात तिथं पोरीला बाटवतील. या शाळा मुळात निघाल्या कशासाठी?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंवर चिडू नका, त्यांची काळजी नातीपोटीच आहे. आपल्याकडं कुठल्याही इंग्लिश मीडियमला कॉन्व्हेंट म्हणायची सवय झालीय, खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर लोकांचा मठ, त्याला जोडून शाळा निघाली म्हणून ते नाव पडलं. आणि मिशन म्हटलं की सगळे एकच असंही नाही, १८५२ मध्ये कोल्हापुरात येऊन शाळा काढणारे वाइल्डर नावाचे मिशनरी अमेरिकन प्रोटेस्टंट पंथाचे होते, कॅथलिक नव्हेत.

कॅथलिकांमध्ये जेसुइट नावाच्या संघाच्या फादर लोकांनी १५४८ मध्ये इटलीत मेसिना शहरात शाळा काढली, ती तिथल्या शहरवाल्यांनीच मागितली होती आणि तिथं फी नव्हती. मला तर यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडं पुण्यात त्यांचीच सेंट व्हिन्सेंट्स शाळा १८६७ ला आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ ला सुरू झालं. पुढं १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसभेनं शिक्षणावर जाहीरनामा काढला, त्यात गरिबांची आणि घरची माया न मिळालेल्या पोरांची खास काळजी घ्या असं सांगितलंय, ख्रिस्ती नसलेल्यांचीही. धर्म त्यांच्या कामाच्या मुळाशी आहेच, ते कुणी लपवत नाही, पण सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही, राज्यघटनेच्या कलम २८ मध्येच आहे ते. हे सासूबाईंना नक्की सांगा.

मी स्वतः अशाच शाळेत शिकले. टिकली लावून जायचे, कुणी कधी काढ म्हटलं नाही. ख्रिस्ती मुली धर्माच्या तासाला गेल्या की आम्हाला मॉरल सायन्स असायचं. एक म्हाताऱ्या सिस्टर मधल्या सुट्टीत व्हरांड्यात सुईदोरा घेऊन बसायच्या, ज्याचं बटण तुटलंय त्याला जवळ बोलवून अंगावरच शिवून द्यायच्या, दाताने दोरा तोडायच्या आणि पाठीवर थाप मारून पळ म्हणायच्या.

एक मात्र बघा, २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं अल्पसंख्याक शाळांना आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, २५ टक्के जागा गरीब पोरांना मोफत द्यायचं बंधन नाही. म्हणून ॲडमिशनला जाल तेव्हा फी न परवडणारी किती पोरं इथं शिकतात हे थेट विचारा, आणि सासूबाईंना सोबत न्या.