बाराव्या मजल्यावरून उंबरापर्यंत

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलात आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो. मी आणि यजमान दोघेही नोकरी करतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून सासरे शेती वाट्याने देऊन पाटण तालुक्यातील गावाहून आमच्याकडे राहायला आले आहेत. तब्येत ठणठणीत आहे, पण दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात आणि ‘करमत नाही’ एवढेच म्हणतात. मुलीला नुकताच चष्मा लागला. आमच्या डॉक्टरांनी घरातल्या सर्वांनाच निसर्गात वेळ घालवायला सांगितले आहे. आम्ही वर्षातून दोनदा कोकणात किंवा महाबळेश्वरला जातो, पण परतल्यावर आठवडाभरात सारे पूर्ववत होते. याहून अधिक वेळ आणि पैसा कोठून आणायचा? आणि याचा खरोखर काही उपयोग होतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : उपयोग होतो. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खाटेवरून खिडकीबाहेरची झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण अवघे ४६ होते, त्यामुळे या एका अभ्यासावर फार मोठी इमारत उभारू नये. पण पुढे या विषयावर जे काम झाले त्याची दिशा हीच राहिली. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीतून असे दिसले, की आठवड्यातून किमान १२० मिनिटे बागेत, रानात किंवा समुद्रकिनारी घालवणारी माणसे आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. मुळात धडधाकट असलेलीच माणसे जास्त बाहेर पडत असतील, ही शंका अशा पाहणीत पुरती फिटत नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे : ही १२० मिनिटे एका दमात घालवली की थोडी थोडी करून, याने निष्कर्षात फरक पडला नाही. म्हणजे रोजची सतरा-अठरा मिनिटे झाली. त्यासाठी घाट चढावा लागत नाही आणि हॉटेलचे आरक्षणही लागत नाही.

मुलीच्या चष्म्याविषयी दोन शब्द. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटे जास्तीची, उघड्यावर घालवायला दिली गेली. तीन वर्षांनंतर त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते, तर नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. सावलीतसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो आणि बुबुळामागचा डोळ्याचा गोल अवाजवी लांबण्याला तो उजेड आवर घालतो, असे मानले जाते. लागलेला नंबर याने उतरेल असे मी म्हणणार नाही, ते नेत्रतज्ज्ञांनीच पाहावे. पण तिची रोजची अर्धा-पाऊण तास उघड्यावरची वेळ शिकवणीसाठी कापू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगते.

आता सहलींकडे वळते. त्या वाईट नाहीत, पण तिथे आपण पाहुणे असतो आणि पाहुण्याला सगळेच सुंदर दिसते. आज धबधबा पाहिला, उद्या दुसरा पाहिला, यात मन रमते आणि परतल्यावर विरूनही जाते. मी तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे, की माणसाला निवांत करते ती ओळख, आणि ओळख व्हायला एकच जागा पुन्हा पुन्हा पाहावी लागते.

आमच्या इमारतीमागे नाल्याच्या काठी एक उंबर आहे. पहिली काही वर्षे मी त्याच्याजवळून नुसतीच जात होते. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल झालास’ म्हणतो, आणि उंबराला फूल येत नाही असेच बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात खोडाला लगडलेले ते हिरवे फळ म्हणजे फुलांनी आतून भरलेली बंद पिशवीच असते. त्याच्या टोकाला एक बारीक छिद्र असते. तिळाहून लहान गांधीलमाशीची मादी त्यातून आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात, ती परागकण देते, अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे असतात. ते बाहेर पडायची वाट कोरून देतात आणि त्या वाटेने पंख असलेल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. हे मी वर्गात कितीदा शिकवले होते. पण एका सकाळी हातातल्या फळावरून त्या माद्या एकेक करून उडताना पाहिल्या, तेव्हा अर्धा तास कुठे गेला ते मला कळले नाही. रॅचेल आणि स्टीफन कॅप्लान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने यामागचे कारण मांडले आहे. हिशेब, ईमेल, रहदारी यांत आपण लक्ष ताणून धरतो आणि ते थकते. पानांची हालचाल किंवा किड्यांची लगबग पाहताना लक्ष आपोआप गुंतते, आणि त्या वेळात ताणलेल्या लक्षाला विसावा मिळतो.

तुमच्या संकुलाच्या आसपास चालत जाण्याजोग्या अंतरावर असे एखादे झाड शोधा. उंबर, वड, पिंपळ किंवा सावर असेल तर उत्तम, कारण अशा झाडांवर वर्षभर काही ना काही चाललेले असते. फळे पिकली की तांबट, बुलबुल आणि कोकीळ येतात, अंधार पडल्यावर वटवाघळे येतात. मुलीला एक साधी वही द्या आणि रोज एक ओळ लिहू द्या : आज काय दिसले, काल काय नव्हते.

हे झाड शोधण्याचे काम मात्र तुम्ही करू नका, सासऱ्यांवर सोपवा. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला त्यांचाच वाटतो. ज्यांनी आयुष्यभर आभाळ पाहून पेरणी ठरवली, त्यांना इथे आभाळाविषयी कोणी काही विचारत नाही. बागेतल्या बाकावर नेऊन बसवल्याने त्यांना करमणार नाही. त्यांच्या माहितीची कोणाला तरी गरज भासली पाहिजे. हे पत्र छापून येईल तेव्हा मृग जवळ आलेला असेल आणि येऊरच्या बाजूने पावशाची हाक ऐकू येत असेल. त्या हाकेचा ‘पेरते व्हा’ हा अर्थ नातीला आजोबांकडून कळू द्या. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस यांत त्यांनी कोणता फरक पाहिला, हे तिने त्यांना विचारावे आणि वहीत टिपून ठेवावे. संकुलाची परवानगी मिळाली तर गच्चीवर किंवा कुंपणाकडेला चार-सहा क्रेटमध्ये घेवडा, मिरची, मेथी लावायला त्यांना सांगा. माती कोठून आणायची, शेणखत किती घालायचे, हे सगळे त्यांनीच ठरवावे. आणि एवढे करूनही पुढच्या दोन-तीन महिन्यांत झोप, भूक, बोलणे सुधारले नाही, तर पत्नीच्या जाण्याचे दुःख खोल गेले आहे असे समजून मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. झाडे पुष्कळ काही देतात, पण औषधाची जागा घेत नाहीत.

प्रश्न : मी रोज पहाटे बागेत कानात इयरफोन लावून पाऊण तास चालतो. हे निसर्गात राहणे म्हणता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : व्यायाम म्हणून ते चांगलेच आहे, ते चालू ठेवा. शेवटची दहा मिनिटे मात्र इयरफोन काढा आणि एका जागी उभे राहा. पहाटे दयाळ शीळ घालतो, थोड्या वेळाने शिंप्याचा ‘टुविट टुविट’ सुरू होतो, ऊन चढू लागले की तांबटाचे ठोके ऐकू येतात. महिनाभरात हे आवाज तुम्हाला वेगवेगळे ओळखता येतील, आणि मग तुम्ही आपण होऊनच इयरफोन घरी ठेवाल असा माझा विश्वास आहे.

प्रश्न : मुलांना टेकडीवर न्यायची इच्छा आहे, पण सापांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याकडे दिसणारे बहुतेक साप, उदाहरणार्थ धामण किंवा दिवड, बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मात्र मुलांना चित्र दाखवून ओळखायला शिकवा. साप मुद्दाम अंगावर येत नाही. पाय पडला किंवा न पाहता हात घातला की तो चावतो. म्हणून घोटा झाकणारे बूट घालावेत, मळलेल्या वाटेनेच चालावे, दगड उलटू नयेत, कपारीत हात घालू नये आणि अंधार पडण्यापूर्वी खाली यावे. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, वर घट्ट दोरी बांधू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात, हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे. साप पकडून बरोबर नेण्याची गरज नसते, त्याच्या मागे जाण्यात वेळ घालवू नये.