ज्युदो : आधी पडायचं, मग पाडायचं

माझी आठ वर्षांची मुलगी तीन आठवडे ज्युदोला जातेय. अजून एकही डाव नाही, नुसतं पडायला लावतात. वेळ वाया चाललाय का? (एक आई, सातारा)

अजिबात नाही. तुमच्या मुलीचे सर बरोबर शिकवताहेत, त्यांना घाई करायला लावू नका. या पडण्याला 'उकेमी' म्हणतात. तोल गेला की माणूस आपसूक हात मागे टेकतो आणि सगळं वजन मनगटावर, कोपरावर येतं. हाड मोडतं ते तिथे. ही सवय जायला तीन आठवडेसुद्धा कमीच.

एकदा मॅटजवळ बसून नीट बघा. पाठीवर पडताना तिची हनुवटी छातीला टेकलेली हवी, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळव्यापासून कोपरापर्यंत, अंगापासून जरा दूर मॅटवर आपटायचे. त्या 'फाट्' आवाजासरशी धक्का पसरतो. डोकं मॅटला लागत असेल, तर डाव शिकवायची वेळ आलेली नाही. मी स्वतः आजही प्रत्येक सरावाची सुरुवात उकेमीनेच करतो.

मी चार वर्षं तालमीत मातीवर कुस्ती केली. ज्युदोत मात्र माझ्याहून दहा किलोंनी हलका मुलगा मला सहज आपटतो. कुठे चुकतंय? (कोल्हापूर)

ताकद कमी पडत नाही, तुम्ही ती फार लवकर लावताय. ज्युदोचे जनक जिगोरो कानो किरकोळ अंगाचे होते. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेत त्यांनी नेमकी हीच गोष्ट हेरली आणि 1882 साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात 'कोदोकान' ही आपली शाळा काढली. 'जु' म्हणजे मऊपणा, 'दो' म्हणजे मार्ग. समोरच्याने ढकललं की अडवायचं नाही, त्याच दिशेला ओढायचं.

प्रत्येक फेकीचे तीन भाग: आधी तोल काढणं (कुझुशी), मग अंग जागेवर नेणं (त्सुकुरी), शेवटी फेक (काके). ओ-सोतो-गारी ही पाय झाडून पाडायची फेक घ्या. त्याची उजवी बाही खाली ओढून घ्या, कॉलरचा हात त्याला मागे झुकवू दे. सगळं वजन त्याच्या उजव्या टाचेवर आलं की मगच तो पाय मागून झाडा. तुम्ही बहुधा थेट पायापासून सुरुवात करताय. पायावर वजन आलेलं नसेल तर तो नुसता उचलला जातो, माणूस उभाच राहतो.

तुमच्या जमेची बाजूही आहे. धोबीपछाड येत असेल, तर इप्पोन-सेओइ-नागे ही खांद्यावरून टाकायची फेक अर्धी शिकूनच आला आहात. पट काढायची सवय मात्र सोडावी लागेल. आंतरराष्ट्रीय नियमांत उभ्याने लढताना पाय हाताने धरता येत नाही.

टीव्हीवर लढत दहा सेकंदांत संपली. कशी? (ठाणे)

'इप्पोन' मिळाला असणार. जोरात, वेगाने आणि ताबा ठेवून समोरच्याला पाठीवर टाकलं की लढत तिथेच संपते. 20 सेकंद दाबून धरलं, किंवा गळा आवळून वा कोपराला पेच देऊन हार मानायला लावलं, तरी इप्पोनच. थोडी कमी फेक असेल तर 'वाझा-आरी'. असे दोन झाले की इप्पोन. एरवी लढत चार मिनिटांची.

पाहायचीच असेल तर 1964च्या तोक्यो ऑलिंपिकमधली खुल्या गटाची अंतिम लढत शोधा. ज्युदो त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये आला होता. नेदरलँड्सच्या आंतोन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला दाबून धरून हरवलं आणि त्याचे पाठीराखे मॅटवर धावले, तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थोपवलं. हरलेल्या माणसासमोर जल्लोष नको म्हणून. माझ्या मते ज्युदो कळायला ते दृश्य पुरेसं आहे.

वय 42. आता सुरू केलं तर चालेल? (पुणे)

चालेल. गुडघे, मान किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. पेच लागला की दोनदा थोपटायचं, समोरचा लगेच सोडतो. थोपटायला लाजू नका. पहिले काही दिवस उकिडवं बसूनच मागे पडायचा सराव करा. उभ्याने पडणं नंतर.