प्रायमरीची तारीख कोणाच्या हातात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या उमेदवारीची चर्चा सुरू झाली, की राज्याराज्यांतील प्रायमरींच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी होणाऱ्या मतदानाच्या, तारखांविषयी तेच ते प्रश्न येऊ लागतात. भारतात निवडणूक आयोग वेळापत्रक जाहीर करतो आणि सर्व पक्षांना ते पाळावे लागते. तीच व्यवस्था अमेरिकेतही असेल असे गृहीत धरले, की पुढचे काहीच नीट समजत नाही. म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : प्रायमरीची तारीख राज्य ठरवते की पक्ष? (पुणे)

मतदानाचा दिवस सहसा राज्य ठरवते. बहुतेक ठिकाणी तो विधिमंडळाच्या कायद्याने ठरतो. न्यू हॅम्पशर आणि जॉर्जिया येथे हा अधिकार सेक्रेटरी ऑफ स्टेट या, राज्याच्या निवडणुकांचे काम पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे आहे. मात्र त्या मतदानातून निवडलेल्या प्रतिनिधींना उमेदवार निश्चित करणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनात बसू द्यायचे की नाही, हे पक्ष ठरवतो आणि पक्षाचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये विस्कॉन्सिनच्या प्रकरणात मान्य केलेला आहे. त्यामुळे राज्याने कायदेशीर मतदान घ्यावे आणि पक्षाने ते मोजायलाच नकार द्यावा, अशी स्थिती उद्भवू शकते.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष आदेश काढून प्रायमरी पुढे ढकलू शकतात का? (नाशिक)

नाही.

प्रश्न : 2008 मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगन येथील मते चोरली गेली, असा संदेश सर्वत्र फिरतो आहे. खरे काय? (ठाणे)

असे संदेश पुढे पाठवण्यापूर्वी घटनाक्रम पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमानुसार त्या वर्षी 5 फेब्रुवारीपूर्वी मतदान घेण्याची मुभा आयोवा, न्यू हॅम्पशर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना या चारच राज्यांना होती. जे राज्य आधी मत देते, त्याच्याकडे उमेदवार, वाहिन्या आणि पैसा वळतो. त्या ओढीने मिशिगनने 15 जानेवारी आणि फ्लोरिडाने 29 जानेवारी ही तारीख कायदा करून ठरवली. फ्लोरिडाचे विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात होते हे खरे, परंतु डेमोक्रॅटिक आमदारांनीही त्या कायद्याच्या बाजूने मते दिली होती, हे या संदेशांत कधीच नसते. डेमोक्रॅटिक पक्षाने दोन्ही राज्यांचे सगळेच्या सगळे प्रतिनिधी रद्द केले. रिपब्लिकन पक्षाने त्याच कारणासाठी निम्मे कापले.

त्यानंतर जे झाले, त्याची मला आजही काळजी वाटते. मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीचे दावेदार बराक ओबामा आणि जॉन एडवर्ड्स यांनी मतपत्रिकेवरून नावे काढून घेतली, त्यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी घेतले नाही. क्लिंटन यांना सुमारे 55 टक्के मते पडली आणि सुमारे 40 टक्के मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ हा पर्याय निवडला. फ्लोरिडात सर्वांची नावे होती, पण उमेदवारांनी प्रचार केला नाही. तरीही 17 लाखांहून अधिक लोकांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मतदान केले. ‘हे मत मोजले जाणार नाही’ यावर विश्वास ठेवून जे घरीच थांबले, त्यांची मोजदाद आता कोणी करू शकत नाही. मार्चमध्ये फेरमतदानाच्या योजना निघाल्या. फ्लोरिडासाठी टपालाने मतदानाची, मिशिगनसाठी जूनमध्ये नव्या प्रायमरीची. खर्च कोणी करायचा आणि नियम कोणते लावायचे यावर बोलणी चालू राहिली, दिवस निघून गेले आणि दोन्ही योजना बारगळल्या. 31 मे रोजी पक्षाच्या नियम समितीने प्रत्येक प्रतिनिधीला अर्धे मत दिले आणि मिशिगनची विभागणी क्लिंटन 69 आणि ओबामा 59 अशी केली. प्रत्यक्ष मतदानानुसार ती क्लिंटन 73 आणि ‘कोणालाही बांधील नाही’ 55 अशी होती. म्हणजे ज्या मतपत्रिकेवर ओबामांचे नावच नव्हते, तिच्यातून 59 प्रतिनिधी त्यांच्या वाट्याला गेले. ऑगस्टमध्ये, ओबामांची उमेदवारी निश्चित झाल्यानंतर, डेन्व्हरच्या अधिवेशनात दोन्ही राज्यांना पूर्ण मते परत मिळाली.

यात चोरी नव्हती, पण अन्याय होता. तारीख आमदारांनी ठरवली, शिक्षा समितीने दिली आणि ती भोगली मतदारांनी. पहिले मत पडण्यापूर्वी नियम आणि दंड दोन्ही पक्के झालेले असावेत आणि त्यानंतर कोणाच्याही सोयीसाठी त्यांत अक्षराचाही बदल होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. शेवटी सगळे माफ होणार, हे ठाऊक असले की दंडाचा धाक उरत नाही: 2012 मध्ये फ्लोरिडाने 31 जानेवारी ही तारीख धरून पुन्हा तीच घाई केली आणि रिपब्लिकन पक्षात आपले 99 प्रतिनिधी 50 वर आणून ठेवले.

प्रश्न : 2024 मध्ये न्यू हॅम्पशरच्या मतपत्रिकेवर बायडन यांचे नाव का नव्हते? (बॉस्टन)

डेमोक्रॅटिक पक्षाने 3 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला. न्यू हॅम्पशरचा कायदा मात्र दुसऱ्या राज्यातील तशाच कोणत्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी आपली प्रायमरी घ्यायला सांगतो. तेथे 23 जानेवारीला मतदान झाले, बायडन यांनी नाव दिले नाही, आणि तरीही मतदारांनी त्यांचे नाव हाताने लिहून त्यांना जिंकून दिले. पक्षाने ही प्रायमरी ‘निरर्थक’ म्हटल्यावर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने असे सांगणे थांबवावे अशी नोटीस पाठवली, आणि ती योग्यच होती.

प्रश्न : आमच्या ओहायोत 2020 मध्ये मतदान ऐन वेळी थांबवले गेले. पुन्हा तसे झाले, तर आधी टपालाने दिलेले मत वाया जाईल का? (कोलंबस)

तेव्हा गेले नव्हते. 17 मार्चच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी न्यायाधीशांनी ते पुढे ढकलण्यास नकार दिला होता. त्यानंतर राज्याच्या आरोग्य संचालकांनी करोना साथीचे कारण देऊन केंद्रे बंद ठेवली आणि विधिमंडळाने मुदत 28 एप्रिलपर्यंत वाढवून भर टपालावर दिला. विस्कॉन्सिनमध्ये याच्या उलट घडले: गव्हर्नरांचा स्थगितीचा आदेश राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी रद्द केला, दुसऱ्या दिवशी, 7 एप्रिलला मतदान झाले आणि मिलवॉकी शहरात केवळ पाच केंद्रे उघडी होती. न्यूयॉर्कने प्रायमरी रद्दच केली होती. ती संघीय न्यायालयाने पुन्हा घ्यायला लावली. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्याने आपल्या मताचे काय झाले, हे काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक कार्यालयालाच विचारावे. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये.

प्रश्न : शुल्क भरल्यास नोंदणी करून देतो आणि तारीख बदलल्यास कळवतो, असे एक संकेतस्थळ सांगते. भरावे का? (एडिसन)

भरू नये. नोंदणी विनामूल्य असते आणि तारखा राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात.

प्रश्न : माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. प्रायमरी ही पक्षाची अंतर्गत निवडणूक असल्याने मत देता येईल का? शिवाय माझी पत्नी नागरिक आहे. तिला पक्ष बदलायचा आहे. (जर्सी सिटी)

आपण मत देऊ नका आणि मतदार म्हणून नोंदणीही करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा झाल्यास देश सोडावा लागण्यापर्यंत परिणाम होऊ शकतात. चुकून नोंदणी झाली असेल, तर आजच इमिग्रेशन वकिलाला भेटा. पत्नीने मात्र उशीर करू नये. न्यू जर्सीत पक्ष बदलण्याची मुदत प्रायमरीच्या 55 दिवस आधी संपते, आणि प्रायमरीची तारीख अलीकडे आणली गेली तर ही मुदतही तितकीच अलीकडे येते. वृत्तपत्रात नव्या तारखेची बातमी दिसली, की त्याच आठवड्यात काउंटी क्लर्कच्या कार्यालयात फोन करून शेवटचा दिवस विचारून घ्यावा.