जागतिक पट्टा जिंकलेला बॉक्सर खरोखर अव्वल असतोच का?

‘जगज्जेता आहे म्हणजे पहिल्या फळीतला असणारच ना?’ असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: असेलच असं नाही. पट्टा दिसला की मी आधी एवढंच बघतो, हा घेतला कुणाकडून?

कारण जगज्जेते एका वेळी ढीगभर असतात. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार मोठ्या संघटना, प्रत्येकीचे किमान १७ वजनगट. झाले ६८ पट्टे. वर ‘अंतरिम’ म्हणजे तात्पुरते विजेते निराळे, आणि डब्ल्यूबीएने तर एकाच वजनगटात ‘सुपर’ आणि ‘रेग्युलर’ अशी दुहेरी दुकानं वर्षानुवर्षं चालवली. विजेतेपदाच्या प्रत्येक लढतीमागे संघटनेला शुल्क मिळतं, त्यामुळे पट्टे कमी करायची घाई कुणालाच नाही. (बेल्टला मी पट्टा म्हणतोय खरा, पण तो जिंकणाऱ्याला ‘पट्टेवाला’ म्हणायची सोय मराठीने ठेवलेली नाही.)

चार्ल्स मार्टिनचंच बघा. नोव्हेंबर २०१५ मध्ये टायसन फ्युरीने व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं. नऊ वर्षांहून जास्त काळ हेवीवेटवर, म्हणजे सगळ्यांत जड वजनगटावर, राज्य केलेल्या माणसाला हरवणं म्हणजे खरा पराक्रम. पण करारानुसार फ्युरीला क्लिच्कोशीच पुन्हा लढायचं होतं आणि आयबीएफला हवा होता त्यांचा ठरलेला दावेदार, व्याचेस्लाव ग्लाझकोव. दोन आठवड्यांच्या आत त्यांनी पट्टा काढून घेतला. जानेवारी २०१६ मध्ये ब्रुकलिनला त्या रिकाम्या पट्ट्यासाठी ग्लाझकोव आणि मार्टिन समोरासमोर आले. लढत पडद्यावर बघताना मी अजून नीट सरसावून बसलोही नव्हतो, तोच तिसऱ्या फेरीत ग्लाझकोवचा पाय घसरला, गुडघा गेला आणि सगळं आटोपलं. मार्टिन जगज्जेता! एप्रिलमध्ये अँथनी जोशुआने दुसऱ्याच फेरीत त्याला दोनदा लोळवलं आणि पट्टा नेला.

यात मार्टिनला मी दोष देत नाही. समोर आलेली संधी त्याने घेतली. तोवर तो एकही लढत हरला नव्हता, आणि आपण त्याच्यासमोर दहा सेकंदही टिकलो नसतो. पण अव्वल? छे.

उलट बाजू जास्त जीवाला लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा दिग्गज सॅम लँगफर्ड, त्याला जागतिक पट्ट्याने कायम हुलकावणी दिली. १९०६ मध्ये त्याच्याहून कितीतरी जड असलेल्या जॅक जॉन्सनने त्याला हरवलं, पण १९०८ मध्ये स्वतः विजेता झाल्यावर जॉन्सनने त्याला पुन्हा समोर येऊ दिलं नाही. पट्ट्यांवरूनच दर्जा ठरवायचा तर लँगफर्ड मार्टिनच्या खाली बसवावा लागेल. बॉक्सिंगच्या इतिहासाची थोडी जरी ओळख असलेला माणूस हे ऐकून हसेल.

बस्टर डग्लसने मात्र पट्टा अस्सल मार्गाने मिळवला. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत त्याने माइक टायसनला दहाव्या फेरीत गार केलं. त्या रात्रीचा डग्लस कोणत्याही काळातल्या हेवीवेटला जड गेला असता. लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि त्यामागोमाग उजवा हात, टायसनला आत शिरताच येईना. ऑक्टोबरमध्ये इव्हँडर होलिफिल्डसमोर तोच डग्लस साधारण १५ पौंड जास्त वजन घेऊन उतरला आणि तिसऱ्या फेरीत संपला. एका रात्रीपुरता अव्वल, असं म्हणता येत असेल तर म्हणूया.

मग मी स्वतः काय बघतो? डाव उलटल्यावर तो माणूस काय करतो ते. मे २०२४ मध्ये रियाधला युक्रेनचा हेवीवेट ओलेक्सांद्र उसिक आणि फ्युरीची लढत झाली. पाचव्या-सहाव्या फेरीत फ्युरीने उसिकच्या पोटात आणि हनुवटीखाली असे काही ठोसे घातले की मला वाटलं, संपला हा. फ्युरी हात मागे घेऊन नाचायला लागला होता. उसिकने गडबड केली नाही. मार खात खात अंतर मोजलं, पुन्हा पुढे सरकायला लागला आणि नवव्या फेरीत डाव्या हाताचा एक असा बसवला की तो अजस्र माणूस या दोरावरून त्या दोरावर झोकांड्या खायला लागला. शेवटी पंचाने मध्ये पडून आकडे मोजले. परीक्षकांचा निकाल दोन विरुद्ध एक असाच लागला, पण चारही पट्टे उसिककडे गेले.

जूनमध्ये त्यातला आयबीएफचा पट्टा त्याने सोडला आणि तो अंतरिम विजेत्या डॅनियल ड्युबॉइसकडे गेला. याच ड्युबॉइसला उसिकने २०२३ मध्ये नवव्या फेरीत बाद केलं होतं! पुढे ड्युबॉइसने जोशुआला गारद करून आपली लायकी दाखवली, ते नाकारणार नाही. तरी जुलै २०२५ मध्ये उसिकने त्याला पुन्हा पाचव्या फेरीत झोपवलं.

आता कुणी म्हणेल, कागदावर मिळालेला पट्टा म्हणजे बोगस बॉक्सर. तसंही नाही. डिसेंबर १९९२ मध्ये तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता रिडिक बो याने लेनॉक्स लुइसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये पत्रकारांसमोर चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. लुइस जगज्जेता झाला तो असा, पट्ट्यासाठी एक ठोसाही न मारता. पुढे तो दोनच वेळा हरला, १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलकडून आणि एप्रिल २००१ मध्ये हसीम रहमानकडून. दोघांनाही त्याने पुन्हा रिंगमध्ये गाठलं. मॅकॉलचा हिशेब १९९७ मध्ये चुकता झाला, रहमानला तर सात महिन्यांतच चौथ्या फेरीत आडवं केलं.